इंजिनघरापुढचं गाऱ्हाणं

आंब्याचं साठं घालणं हे धीराचं काम, आणि धीर नावाची वस्तू माझ्या माहेरी कुणाकडेच नव्हती. रस गाळायचा, तुपाचा हात फिरवलेल्या ताटात पातळ पसरायचा, उन्हात ठेवायचा, वाळला की दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर. असं रोज थोडं थोडं करत ते बोटभर जाड व्हायचं. मी चिपळूणची, बाजारपेठेतली मुलगी. आमच्याकडे साठं विकत आणून खायचं, घालायचं नाही. रत्नागिरीला सून म्हणून आले त्या वर्षी मी सगळा रस एकदम ताटात ओतून मोकळी झाले. वरून वाळला, आतून आंबला. सासूबाईंनी ते ताट शेजारच्या म्हशीपुढे नेऊन ठेवलं आणि म्हणाल्या, "तिचा तरी सण होऊ दे." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

सासूबाई अशाच. अंगाने चिपाड, पण आळीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. आमच्या आळीत तसे पुरुष कमीच. कुणाचा नवरा मुंबईला गिरणीत, कुणाचा मुलगा गोदीत, कुणी बोटीवर खलाशी. मागे राहिलेल्या बायका साठं, फणसपोळी, पापड, आमसुलं करायच्या आणि पावसाळ्यापूर्वीच्या आगबोटीने ते सगळं मुंबईला जायचं. वर्षाची मीठमिरची त्यावरच निघायची. त्यामुळे वैशाखात आमच्या आळीत चालायला जागा नसायची. अंगण, पडवीचं छप्पर, गडग्याचे दगड, जिथे म्हणून ऊन पडेल तिथे ताट नाहीतर सूप.

माझा नवराही मुंबईलाच. लग्नानंतर दोन वर्षं मी त्यांना सणापुरतं पाहिलं. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, आणि जरा कुठे बोलायला जीभ सैल होते तोवर बोटीचा दिवस उजाडायचा. बंदरावर पोचवायला बायकांनी जायची रीत नव्हती. मी मागीलदारी विहिरीवर जाऊन उभी राहायची आणि बोटीचा भोंगा वाजला की उगीचच चार कळशा पाणी उपसायची. सासूबाईंना कळायचं. त्या म्हणायच्या, "पुरे गो, विहीर आटेल."

आणि मग एकोणीसशे तिसाच्या पुढच्या त्या वर्षांत आमच्या आळीच्या टोकाला इंजिनघर आलं. गावातल्याच एका शेटने काढलं होतं. दगडी कोळशावर बॉयलर चालायचा, त्याच्यावर इंजिन, आणि इंजिनावर वीज. दिवेलागणीला बाजारातले, कचेरीतले आणि चार श्रीमंतांच्या घरचे दिवे लागायचे. आमच्या आळीत एकही नाही हं. आमच्याकडे रॉकेलच्या चिमण्या नि कंदीलच. पण मला त्या विजेचं काय करायचं होतं! शेटला बॉयलरवर माहितगार माणूस हवा होता, हे मुंबईला गिरणीत तेच काम करत होते. एक दिवस ट्रंक घेऊन आले ते परत न जाण्यासाठी. मी त्या दिवशी उकडीचे मोदक केले. चतुर्थी नाही, काही नाही. सासूबाईंनी विचारलं, आज कसले गो मोदक? मी म्हटलं, नारळ जास्त झाले होते. त्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला.

हे दुपारी जेवून जायचे आणि बॉयलर पेटवायचे. पेटवताना धूर सगळ्यात दाट. मी भांडी घासता घासता वर बघायची. नारळाच्या शेंड्यांवरून काळा लोट उठलेला दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा. हे आहेत. रोज आहेत. ज्या बाईने दोन वर्षं बोटीच्या भोंग्यावर दिवस काढले तिला विचारा, धूर किती देखणा दिसतो ते.

पण दुपारीच समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि इंजिनघराचं धुराडं म्हणजे पत्र्याची बुटकी नळी, माडाच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. वारा तो लोट उचलायचा आणि सरळ आमच्या आळीवर आणून ओतायचा. सुरुवातीला कुणाच्या ध्यानात आलं नाही. काजळी बारीक पडायची. संध्याकाळी ताटं आत घेताना वरून फडका मारला की झालं, असं वाटायचं. साठ्याचा ओला थर मात्र काजळी धरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नवा रस, त्या दिवशीची काजळी त्याच्यावर, पुन्हा रस.

सासूबाईंनी त्या वर्षीचं पहिलं साठं विळीवर धरलं आणि मधोमध कापलं. आतून काळ्या रेघा. थराला रेघ, थराला रेघ, लुगड्याच्या काठासारख्या. शेजारची काकू तिथेच होती. तिने घरी जाऊन आपलं कापलं, पलीकडचीने तिचं. संध्याकाळपर्यंत आळीभर कापाकापी झाली आणि सगळ्यांचं आतून तसंच निघालं. मुंबईच्या व्यापाऱ्याला हे कोण दाखवणार? त्या वर्षी आमच्या आळीचं एकही साठं बोटीवर चढलं नाही. काकू पायरीवर बसून रडली. तिची स्वतःची आंब्याची चार झाडं असती तर गोष्ट वेगळी. ती आंबे विकत घेऊन साठं घालायची.

सासूबाई ताट घेऊन शेटकडे गेल्या, मागून सगळ्या बायका, आणि त्यांच्या मागे मी. शेट माणूस वाईट नव्हता. हसतमुख, देवभोळा, गावाला दिवे दिले म्हणून स्वतःवर जाम खूश. त्याने साठं पाहिलं, हळहळला आणि म्हणाला की सुधारणा म्हटली की थोडं सोसावं लागतं, आणि मावशी, धूर काय तुमच्या चुलीला नाही?

सासूबाई म्हणाल्या, "शेट, आमच्या चुलीचा धूर आमच्या डोळ्यांत जातो. तुमचा तुमच्या डोळ्यांत जाऊ दे, मग आमचं काही म्हणणं नाही."

बायका हसल्या. शेटही हसला. पण धुराडं होतं तेवढंच राहिलं.

मग आळीतल्या शहाण्यासुरत्या पुरुषांनी म्युनिसिपालटीत अर्ज दिला. बरेच दिवसांनी एक सभासद पाहणीला आले. शेटला आधी कुणकुण लागलेली, त्या दिवशी बॉयलर पेटलाच नाही. आभाळ निळंशार. सभासदांनी धुराड्याकडे मान वर करून पाहिलं, आमच्या पडवीत बसून कोकमाचं सरबत घेतलं, कालवणाचा वास आला म्हणून चौकशी केली, आणि धूर काही दिसला नाही बुवा, असं म्हणून निघून गेले. माझं डोकं असं तापलं! मी आतून मोठ्याने म्हटलं, उद्या या म्हणावं, कालवण पण मिळेल आणि धूर पण. सासूबाईंनी डोळे वटारले, पण रागावल्या नव्हत्या.

हे मात्र जेवताना मान खाली घालून असायचे. आळीत बायका यांच्याकडे बघून तोंड फिरवत. काकू तर एकदा तोंडावर म्हणाली की तुझ्या घरचाच फुंकतोय ना.  इकडे आड, तिकडे विहीर. साठ्याला मी आळीतल्या बायकांइतकीच रडले होते. पण दुपारी लोट उठला की अजून माझी मान वर जायचीच.

पावसाळा गेला. दिवाळी झाली. पापडांचे दिवस आले तशी काजळी पुन्हा जाणवू लागली, आणि सासूबाईंच्या डोक्यातून एक निघालं. प्रत्येक घराने एक शुभ्र धोतर धुऊन दुपारी दोरीवर टाकायचं आणि संध्याकाळी न झटकता तसंच उतरवायचं. बाजाराच्या दिवशी ती सगळी धोतरं बायकांनी बाजारपेठेच्या रस्त्याला, म्युनिसिपालटीच्या समोरच, दोरी बांधून लावली. काही म्हणजे काही बोलायचं नाही, फक्त उभं राहायचं. लोक थांबून विचारू लागले. बंदरावरून सुकी मासळी घेऊन आलेल्या बायका थांबल्या, वकील थांबले, शाळामास्तर थांबले. दोरीवर सगळ्यात पुढे होतं ते आमच्या घरचं धोतर. सासूबाईंनी आपल्या लेकाचं लग्नातलं धोतर लावलं होतं.

ते शेटच्या जिव्हारी लागलं. त्याने यांना बोलावलं.  दोन दिवसांनी हे विहिरीवर हातपाय धूत असताना, मी पाणी ओतत होते, तेव्हा म्हणाले, "शेट म्हणतो, तुझी आईच माझ्यावर उठलीय. तिला आवर, नाहीतर शिमगा झाला की बोटीत बस."

मी विचारलं, मग सांगा की त्यांना.

"आईला काय सांगू? तिचं खोटं आहे का?" म्हणाले आणि काळं पाणी पायावरून वाहून जाताना बघत राहिले. साबण लावला तरी यांच्या नखांतलं काळं जायचं नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण तोवर आळीत ठरलं होतं. शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. त्या वर्षी शेटने पालखी इंजिनघराच्या अंगणात यावी म्हणून मोठ्या हौसेने बोलावणं केलं होतं. विजेच्या दिव्यांखाली पालखी नाचवायची होती त्याला. पालखी जिथे टेकते तिथे गाऱ्हाणं होतं. थोरले मानकरी हात जोडून देवीला सगळ्यांच्या वतीने सांगणं सांगतात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. देवी असली तरी गाऱ्हाण्यात म्हाराजाच. तर बायकांचं ठरलं होतं की मानकऱ्यांनी तिथेच, शेटच्या दारात, देवीला सांगायचं की ही ब्याद आमच्या आळीतून उठव. मानकरी सासूबाईंचे नात्याने दीर लागायचे. त्यांनी मान डोलावली होती.

ब्याद उठली की हे उठले. इतकं सरळ होतं ते. आणि उठवणारी आमचीच म्हातारी.

दोन दिवस मी तोंड मिटून काढले, ते माझ्या स्वभावाला झेपण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोळ्यांसाठी पुरण वाटत होतो. माझ्या हातून वरवंटा निसटला आणि त्या निमित्ताने मी सगळं ओकले. शेटचं बोलणं, बोट, शिमग्यानंतरचा वायदा, सगळं. वर आणखी म्हटलं की तुम्हाला तुमचं साठं प्यारं, पण माझा संसार सणापुरता होता तो आता कुठे रोजचा झालाय. सासूला असं बोलायची ती माझी पहिली वेळ. 

सासूबाईंनी वरवंटा उचलून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "पुरण खडबडीत राहिलंय. नीट वाट."

बस.  मी मनात म्हटलं, झालं. ही बाई आळीला दिलेला शब्द फिरवायची नाही. मी यांची ट्रंक माळ्यावरून काढून पुसून ठेवली, रागाने. सासूबाईंनी ती पाहिली आणि तिच्यावर सांडग्यांचं सूप ठेवून दिलं.

पालखी इंजिनघरात आली ती अगदी दिवेलागणीला. ढोल, ताशे, गुलाल. शेटने अंगणात विजेच्या दिव्यांची माळ सोडली होती. हे बॉयलर सांभाळून दारात येऊन उभे, घामाने निथळत. पालखी नाचली, खूपच छान नाचली, खोटं कशाला बोलू. शेटच्या डोळ्यांत पाणी होतं. पालखी टेकली, बायकांनी ओट्या भरल्या आणि मानकरी गाऱ्हाण्याला उभे राहिले. ज्याचं अंगण त्याने पुढे उभं राहून सगळ्यात मोठ्याने हुंकार द्यायचा, ही आमच्याकडची रीत. शेट डोक्यावरची टोपी सारखी करून, हात जोडून पुढे उभा होता.

नेहमीचं सुरू झालं. गुराढोरांची राखण कर. व्हय म्हाराजा. जे चाकरमानी मुंबईला आहेत त्यांना सुखरूप ठेव. व्हय म्हाराजा. पोरंबाळं, पीकपाणी, माडपोफळी. शेटचा आवाज आमच्यापेक्षा वर. मी डोळे मिटले होते. आता ते वाक्य येणार.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. "भावोजी, जरा थांबा. मी सांगते तसं घाला."

गाऱ्हाण्यात बाईने मध्ये बोलायची पद्धत नाही. मानकऱ्यांनी चमकून पाहिलं. पण आळीत सासूबाईंचा शब्द खाली पडत नसे, हे मी आधीच सांगितलं. त्या एक एक तुकडा सांगत गेल्या आणि मानकरी म्हणत गेले.

"म्हाराजा, ह्या धुराड्याचा धूर वर जाऊ दे. तुझ्या लेकरांच्या अंगणात उतरू नको देऊ."

"व्हय म्हाराजा!" शेट सगळ्यांच्या आधी. सवयच ती. गाऱ्हाण्याला हुंकार द्यायला कोकणातल्या माणसाला डोकं लागत नाही, तोंड आपोआप उघडतं.

"आणि ह्या इंजिनावर ज्यांचं पोट आहे, ती माणसं घरात राहू देत. कुणावर बोटीवर चढायची पाळी आणू नको."

"व्हय म्हाराजा!"

हे शेवटचं म्हणता म्हणता शेटचा आवाज अर्ध्यात उतरला. तोंडातून निघून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई डोळे मिटून हात जोडून उभ्या, जणू गावच्या नव्हेतच. मी यांच्याकडे पाहिलं. यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. तेव्हा मीच म्हटलं यांच्या वाटणीचं, इतक्या मोठ्याने की ढोलवाल्याने वळून पाहिलं.

शेटने दुसऱ्या दिवशी मानकऱ्यांना गाठून, हे काही खरं नव्हे, असा सूर लावला म्हणे. मानकऱ्यांनी कानावर हात ठेवले, म्हणाले, मी देवीला सांगितलं, तुम्ही होय म्हणालात, आता तुम्ही आणि ती बघून घ्या. मग त्याच्या घरातूनच टोचणी सुरू झाली. त्याच्या आईने जेवणावर वाढता वाढता रोज एकच विचारायला सुरुवात केली, होय म्हणालास ना रे? आंबा उतरायच्या आत गवंडी लागले. पत्र्याची नळी गेली आणि तिथे चिऱ्याचं उंच धुराडं उभं राहिलं, माडांच्या वर पार. यांना काढायची भाषा शेटने पुन्हा केली नाही. उलट त्या धुराड्याकडे बोट दाखवून तो पाहुण्यांना सांगायचा की हे मी देवीच्या आज्ञेने बांधलंय.

मी एकदा सासूबाईंना विचारलं, त्याने हुंकार दिलाच नसता तर? त्या बांगडे साफ करत होत्या. म्हणाल्या, "गाऱ्हाण्याला नाही म्हणणारा माणूस कोकणात अजून जन्मायचाय."

सगळं गोडच झालं असं मात्र नाही. काकूने बरेच दिवस आमच्याशी बोलणं टाकलं. तिचं म्हणणं, ठरलं होतं ब्याद उठवायचं, आणि तुम्ही लेकासाठी देवीपुढे शब्द फिरवलात. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. खरंच होतं ते. त्या वर्षीचं साठं आतून पिवळंधमक निघालं तेव्हा पहिला तुकडा त्यांनी काकूच्या दारात नेला आणि तिने घेतला नाही तोवर तिथेच उभ्या राहिल्या.

आणि दुसऱ्या वर्षी वरच्या वाडीतल्या चार बायका आमच्या अंगणात आल्या, फणसपोळी घेऊन. काळी. धूर काही देवीने गिळला नव्हता. आमच्या डोक्यावरून गेला होता आणि त्यांच्यावर उतरला होता. सासूबाईंनी ती फणसपोळी मोडून आतून पाहिली.  मग उठल्या, धुतलेलं लुगडं नेसल्या, काकूला हाक मारली, आणि दोघी त्या बायकांबरोबर शेटकडे गेल्या. पुढे कोळशाचा धूर नसलेलं, तेलावरचं इंजिन येईपर्यंत त्या जातच राहिल्या. तोवर शेटने सासूबाईंना पाहिलं की तो हात जोडूनच उभा राहायचा, म्हणायचा, मावशी, जे असेल ते सांगा, फक्त गाऱ्हाणं नको.

तेलाच्या इंजिनावरही हेच होते. इंजिनघर बंद झालं तेव्हा हे म्हातारे झाले होते. धुराडं कधीच पाडलं. हे गेले ते आमच्या पडवीत, सकाळी, माझ्या हातचा चहा पिऊन. बोटीवर नाही, मुंबईच्या खोलीत नाही.

सासूबाईंचं ते वाक्य मात्र गाऱ्हाण्यात राहून गेलं. एकदा म्हटलेलं गाळायची पद्धत नाही. दर शिमग्याला पालखी आमच्या अंगणात टेकते, आणि मानकऱ्यांचा नातू म्हणतो, माणसं घरात राहू देत, कुणावर बोटीवर चढायची पाळी आणू नको. आता धुराडं नाही, आगबोटही नाही. नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात, आजी, कुठली गो बोट? मी त्यांना गप्प बसवते. अंगण माझं आहे, पहिला हुंकार माझा असतो.